कणगीमार्फत

आमचं घर दोन खणांचं होतं. एका तुळईपासून दुसऱ्या तुळईपर्यंत एक खण, तिथून पुढच्या तुळईपर्यंत दुसरा, आणि संपलं. शेवटची तुळई शेजाऱ्याच्या भिंतीत असल्यामुळे ती त्यांची धरायची. गावाचं नाव ईट. सासरे म्हणायचे, उर्दूत ह्याचा अर्थ वीट होतो, आणि ह्या घरात औषधाला वीट नाही. खरंच नव्हती. भिंती मातीच्या, वर मातीचंच माळवद. माळवदाला एक भोक होतं, त्याला आम्ही साणं म्हणायचो. धूर त्यातून बाहेर जायचा आणि उजेड त्यातूनच आत यायचा. दोघं एकाच वेळी निघाले की धूर जिंकायचा.

आमच्या ह्यांची मास्तर म्हणून ईटच्या शाळेत बदली झाली तेव्हा हे घर भाड्यानं घेतलं. आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला त्याच्या थोडं नंतरची गोष्ट. राहणारे आम्ही म्हणजे हे, मी, सासरे, थोरली मुलगी, पाळण्यातला मुलगा आणि दाराशी एक शेळी. शेळीला घरातली धरायची की बाहेरची, ह्यावर घरात दोन मतं होती. शेळीचं मत पक्कं होतं, आणि दाराला कडी नव्हती.

लोक विचारायचे, एवढ्यात भागतं कसं? मला तो प्रश्नच नीट कळायचा नाही. आंघोळीचं पाणी दारच्या दुधीभोपळ्याला जायचं, भोपळा माळवदावर चढायचा, भोपळ्याची सालं शेळीला, शेळीच्या लेंड्या परत भोपळ्याला. ह्या फेऱ्यात मधे कुठंतरी आम्ही माणसं जेवून घ्यायचो. माझं लुगडं विटलं की त्याची झोळी व्हायची, झोळी विरली की ती वाकळीत जायची, वाकळ फाटली की पोतेरं. एक लुगडं तर माझ्या लग्नात मिरवलं आणि शेवटी चुलीवरचा तवा उतरवायला उपयोगी पडलं. बायका मला काटकसरी म्हणायच्या. खरं कारण वेगळं होतं. टाकून द्यायला जागा नव्हती. वस्तू टाकायची तरी तिला कुठंतरी पडून राहायला मोकळं पाहिजे.

उन्हाळ्यात सगळे माळवदावर निजायचो. तेवढ्यापुरतं आमचं घर आभाळाएवढं व्हायचं आणि त्याला भाडं पडायचं नाही.

घराच्या मधोमध कणगी होती. सासऱ्यांची जुन्या गावी थोडी जमीन होती, वाटेकरी दर फाल्गुनात जोंधळे आणून टाकायचा. त्यासाठी बुरडाला घरात बसवून कणगी विणून घेतली आणि मी ती शेणामातीनं लिंपली. झाली तेव्हा लक्षात आलं की ती दारापेक्षा रुंद आहे. म्हणजे आता ती घरातून जाणार नव्हती. गेलोच तर आम्ही जाणार होतो. एक खण पुढं, एक मागं. पुढं बैठक, मागं चूल, आणि मधे कणगी भिंतीसारखी उभी. कणगीच्या बुडाशी धान्य काढायचं तोंड असतं, त्यात चिंध्यांचा बोळा बसवलेला असतो. बुरडानं विणताना विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही, त्यामुळं ते तोंड बैठकीकडं आलं. मग रोज सकाळी दुसऱ्या दिवसाच्या भाकरीचे जोंधळे सासरेच काढायचे. टोपलीत भरून कणगीच्या कडेनं माझ्याकडं सरकवायचे आणि बोळा गच्च बसवायचे. तो बोळा त्यांच्याशिवाय कुणालाच नीट बसायचा नाही. ह्यांनी एकदा बसवला तर रात्रभर जोंधळे गळत राहिले आणि शेळीनं आपलं मत सिद्ध केलं.

मी सासऱ्यांशी बोलत नव्हते. भांडण नव्हतं, रीत होती. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, समोर यायचं तर पदर घेऊन. मोठ्या घरात ही रीत पाळणं सोपं असतं, माणसं दिवसदिवस एकमेकांना दिसतच नाहीत. आमच्याकडं मी चुलीपाशी शिंकले तर बैठकीतून सासरे म्हणायचे, "जीव जगो." आता हे बोलणं झालं की नाही? झालं. म्हणून ते पाळण्याकडं तोंड करून म्हणायचे.

सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्याकडून जायचे. त्या गेल्या तेव्हा थोरली पाळण्यात होती, म्हणून ते काम तिच्याकडं आलं. मी म्हणायचे, "बाळे, आबांना म्हणावं पान वाढलंय." पलीकडून यायचं, "बाळे, तुझ्या आईला म्हणावं, आलोच." बाळी झोपलेली असायची. त्या कामावर ती फार विश्वासाची होती. पुढं तिला बोलता यायला लागलं आणि सगळा घोटाळा झाला. एकदा मी तिच्या कानात काही सांगितलं आणि ती पलीकडं जाऊन ओरडली, "आबा, आई म्हनती साखर संपली, पन आबांना तसं सांगू नको म्हनती!" तेव्हा सासऱ्यांनीच तिला कामावरून काढलं.  मग ते खाकरले आणि कणगीवर बोट वाजवून म्हणाले, "कणगे, सुनबाईला म्हणावं, गुळाचा चहा मला जास्त आवडतो."

त्या दिवसापासून सगळं कणगीमार्फत. मार्फत हा शब्द त्यांचाच. निजामाच्या राज्यात ते मास्तर होते, उर्दूतून गणित शिकवायचे. राज्य गेलं, उर्दू गेली, ते घरी बसले. पण दरखास्त, मंजूर, मार्फत हे शब्द त्यांच्याबरोबर घरी आले आणि आमच्यात राहायला लागले. त्यांना जागा लागत नव्हती.

कणगी चाडी करत नव्हती, पदरचं काही घालत नव्हती. दुपारी हे शाळेतला शिळा पेपर आणून द्यायचे आणि सासरे तो कणगीला मोठ्यानं वाचून दाखवायचे, अगदी बाजारभावासकट. माझं शिक्षण चौथीत थांबलं. पुढचं जे काही झालं ते कणगीच्या पाठीमागून झालं. मधेच ते थांबून विचारायचे, "कणगे, समजलं का, विचार." मी हाताला काम चालू ठेवून बांगड्या वाजवायचे. बांगड्या वाजल्या म्हणजे होय. होय, कळलं. होय, चहा टाकते. होय, पाऊस येतोय, वाळवण काढते. आमचा सगळा संसार त्या एका आवाजावर चालायचा. नाहीसाठी खूण ठरलेली नव्हती. सुनेला ती लागते असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही.

एका चैत्रात थोरले दीर आणि जाऊबाई सोनारीच्या भैरोबाला जाऊन परतताना आमच्याकडं उतरले. दीर जिल्ह्याच्या गावी सरकारी कचेरीत चांगल्या जागेवर होते. त्यांना सरकारी घर होतं, आणि ते घर जाऊबाई प्रवासातही बरोबर घेऊन हिंडायच्या.

दारातून आत आल्या, बैठकीत उभ्या राहिल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "पडवी बरी आहे. चल, आता घर दाखव."

मी पदर पुढं ओढला आणि चुलीपाशी सरकले. त्या कणगीला वळसा घालून मागं गेल्या, चुलीजवळून फिरल्या आणि दुसऱ्या बाजूनं परत बैठकीत बाहेर आल्या. समोर तेच सासरे बसलेले.

"दार कुठंय?" जाऊबाईंनी विचारलं.

"कशाचं वहिनी?" हे म्हणाले.

"आतल्या घराचं!"

"तुम्ही आत्ता आत जाऊनच आलात."

जाऊबाई खाली बसल्या. मुलीनं त्यांना पाणी दिलं. पाणी प्यायल्यावर त्यांनी गाठोडं सोडावं तसं आपलं घर सोडलं. एक बसायची खोली, एक जेवायची, एक निजायची, एक पाहुण्यांची, शिवाय स्वयंपाकघर. "माणसानं कसं ऐसपैस राहावं. आमच्यात कुणाचा कुणाला पाय लागत नाही बघा."

थोरलीनं विचारलं, "काकू, मग सगळ्या खोल्यांत कोण निजतं?"

"निजायच्या खोलीत निजतो की."

"सगळी?"

"रात्री भीती वाटते गं एवढ्या घरात. मागच्या दोन खोल्यांना तर मी कुलूपच घालते. कोण झाडणार रोज?"

पलीकडं सासरे हळूच म्हणाले, "कणगे, ऐकलंस ना?" मी बांगड्या वाजवल्या. दिरांनी चमकून कणगीकडं पाहिलं आणि मग उंदीर असेल असं समजून पाय जवळ ओढले.

जेवणं झाली. दुधीची भाजी, भाकरी, शेळीचं ताक घालून कढी. दिरांनी तीनदा कढी मागून घेतली आणि हात धुताना म्हणाले, "आबा, एक ठरवूनच आलोय. तुम्ही आता आमच्याकडं चला. हे काय राहणं आहे? थोरला मुलगा जिवंत असताना तुम्ही कोंबड्यांच्या खुराड्यात राहायचं, लोक काय म्हणतील?"

"लोक इथं मावत नाहीत," सासरे म्हणाले. "त्यामुळं ते काय म्हणतात ते ऐकू येत नाही."

"चेष्टा नको आबा. तुम्हाला वेगळी खोली देतो. पाहुण्यांची."

"पाहुण्यांची," सासरे म्हणाले, आणि बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "माझं काय. ज्या बाईच्या हातचं खातो, तिला जड होत असेन तर आत्ता निघतो. होत नसेन तर इथंच बरा आहे."

हे त्यांनी भिंतीकडं बघून म्हटलं, पण मला कळलं की हा प्रश्न मला आहे. कणगीनं उत्तर द्यायचं होतं. आणि मी नेमकी तेव्हा तिथं नव्हते असं म्हणता आलं असतं तर बरं होतं. मी तिथंच होते, चुलीशी, तवा घासत.

जाऊबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांना वाटायचं की त्या हळू बोलतात. "तुझीही सुटका होईल गं. दिवसभर पदर सांभाळायचा, जरा पाय पसरायचा म्हटलं तर सासरा समोर. कंटाळली असशील, होय ना?"

मी तवा घासत होते. राखेनं, जोर लावून. पोचारा मारावा तसा हात चालला होता आणि दोन्ही हातांतल्या बांगड्या खळाखळा वाजत होत्या.

पलीकडं सुपारीचा अडकित्ता थांबला.

मी हात आखडला, पण आवाज निघून गेला होता. निघून गेला म्हणजे कुठं, कणगीपलीकडं. एवढ्याशा घरात आवाजाला दुसरीकडं जायला जागा नव्हती. थोड्या वेळानं सासरे दिरांना म्हणाले, "चल. उद्या सकाळच्या गाडीनं येतो."

जाऊबाई खूश झाल्या. मला म्हणाल्या, "बघ, माझ्या एका शब्दात झालं." आणि खरंच, एका शब्दातच झालं होतं, फक्त तो त्यांचा नव्हता.

संध्याकाळी मी ह्यांना दाराबाहेर गाठलं, शेळीच्या पलीकडं. म्हटलं, "मामंजींना सांगा, मी होय म्हटलं नाही. मी तवा घासत होते."

हे कपाळावर आठ्या घालून म्हणाले, "म्हणजे काय? मला काही कळेना."

"तुम्ही नुसतं सांगा."

ते आत गेले. बोलणं मला ऐकू आलंच. "आबा, ही म्हणते, ती तवा घासत होती."

"मग घासला का?"

"घासला असेल. ती म्हणते तुम्ही राहावं."

"ती नाही, तू म्हणतोस," सासरे म्हणाले. "तू चांगला मुलगा आहेस. पण मी माझ्या कानानं ऐकलंय. आमचं सगळं कणगीमार्फत असतं. मधेच तुझ्यामार्फत दरखास्त कशी येईल?"

हे परत बाहेर आले आणि म्हणाले, "आबा कणगीचं काहीतरी म्हणताहेत. प्रवासाचं मनावर घेतलं असेल त्यांनी."

जाऊबाईंनी रात्रीच सासऱ्यांचं गाठोडं बांधलं. मोठ्या घरातल्या माणसांना बांधाबांध भारी जमते. दोन धोतरं, एक बंडी, चष्मा, अडकित्ता. एवढंच निघालं. जाऊबाईंना वाईट वाटलं. "आबांचं इथं काहीच नव्हतं हो," त्या म्हणाल्या. मला सांगावंसं वाटलं की त्यांचं जे आहे ते दारापेक्षा रुंद आहे. पण जाऊबाईंशी उलट बोलणं हेही रीतीत नव्हतं. रीतीत काय होतं हे आता आठवायला बसले की तवा घासणं सोडून फारसं काही आठवत नाही.

सकाळी गाडीची वेळ होत आली. दीर बूट घालून दारात उभे. जाऊबाई शेळीपासून पदर वाचवत उभ्या. हे गाठोडं घेऊन उभे. सासरे उठले, टोपी घातली, आणि दाराकडं जायच्या ऐवजी सवयीनं कणगीपाशी खाली बसले. बोळा काढला. जोंधळ्यांचा आवाज झाला, मग बोळा बसवल्याचा. टोपली कणगीच्या कडेनं माझ्याकडं आली.

मी टोपलीत पाहिलं.

त्या टोपलीत पाहूनच मला रोज कळायचं की उद्या भाकरी किती. ह्यांच्या इतक्या, माझ्या इतक्या, मुलीची अर्धी, आणि सासऱ्यांच्या. टोपलीला आतून एक काळा पट्टा होता. जोंधळे त्या पट्ट्याला लागले की सगळ्यांचं पुरतं. आज जोंधळे पट्ट्याला लागले होते. हे जोंधळे उद्याचे होते, आणि उद्या ते इथं नसणार होते. हाताला सांगायचं राहून गेलं असावं.

पलीकडून सासरे म्हणाले, "कणगे, सुनबाईला म्हणावं, येतो. बोळा घट्ट बसवलाय. पुढं आपलं आपण बघावं."

 पलीकडं दीर, जाऊबाई, सगळी उभी. बांगड्या वाजवाव्यात तर त्याचा अर्थ होय. हात हलवला तरी होय. मी एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या गच्च धरून ठेवल्या. मग काय झालं मला ठाऊक नाही. बांगड्या तशाच धरून मी त्याच हाताची थाप कणगीवर मारली. जोरात. लिंपणाचा एक पोपडा सुटून चुलीपुढं पडला. चैत्रातली भरलेली कणगी, तिचा आवाज असा आला जसं कुणी मोठ्या माणसानं आतून 'हं' केलं.

 सासरे म्हणाले, "कणगे, हे काय? ही खूण आपल्यात ठरलेली नाही."

मी पहिल्यांदाच कणगीला तोंडानं म्हटलं, "कणगे, मामंजींना म्हणावं, ही नाहीची खूण आहे. आजपासून."

 मग सासऱ्यांनी विचारलं, "मग कालच्या बांगड्या?"

"तवा," मी म्हटलं. "कणगे, तवा म्हणावं."

"तवा," सासरे म्हणाले. आणि मग त्यांना हसू फुटलं. ते असे हसले की खोकला लागला. "कणगे, विचार तिला, जाऊ का मी?"

मी दुसरी थाप मारली. आणखी एक पोपडा पडला.

"दरखास्त नामंजूर," सासरे म्हणाले. टोपी काढून खुंटीला अडकवली आणि बैठकीत बसले. "कणगे, सुनबाईला म्हणावं, चहा टाक. गुळाचा. ह्यांनाही दे, गाडीला अजून थोडा वेळ आहे."

दीर दारातून म्हणाले, "आबा, तुम्ही कुणाशी बोलताय?"

"घरात बोलतोय."

"पण कुणाशी?"

"तुला तेवढ्या खोल्यांत कळायचं नाही," सासरे म्हणाले.

दीर रागावले, पण चहा घेऊन रागावले. जाऊबाई एस. टी. स्टँडपर्यंत ह्यांना सांगत होत्या, ते मला ह्यांनी आल्यावर सांगितलं, की लहान घरात राहून माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, त्यांनी आज डोळ्यांनी पाहिला, सासरा आणि सून दोघंही धान्याशी बोलतात. जाऊबाईंनी हे पुढं सगळ्या नात्यात सांगितलं. त्यामुळं पुष्कळ वर्षं आमच्याकडं मुक्कामाला कुणी आलं नाही, आणि घर आणखीच प्रशस्त वाटायला लागलं.

कुणाला वाटेल, त्या दिवसानंतर सासरे आणि मी समोरासमोर बोलायला लागलो. तसं काही झालं नाही. रीत तीच राहिली, कणगी तीच, मार्फत तीच. मी नवी शेणमाती कालवून पोपडे पडलेली जागा लिंपून घेतली. पण लिंपण टिकत नव्हतं. आषाढापर्यंत कणगी रिकामी होत आली की थापेचा आवाज ढोलासारखा घुमायचा, शेजारी विचारायचे काय झालं, आणि हे म्हणायचे, "काही नाही, आमची ही नाही म्हणतेय."

खूण एकदा ठरली की तिला काम लागतं. सासऱ्यांना चौथा चहा, नाही. शेळी विकू का, नाही. ह्यांनी एकदा घरमालकाचं ऐकून पलीकडचा अर्धा खण भाड्यानं घ्यायचं काढलं आणि बैठकीत विषय मांडला. सासरे म्हणाले, "आधी कणगीला विचार." हे कणगीला विचारायला वळले, तोवर माझी थाप पडून गेली होती. कणगीवरची ती थापेची जागा मला आजही दाखवता येईल. तिथं लिंपण कधीच धरलं नाही.